काहीच न झालेल्या उंदरांविषयी

शनिवार, दुपार

तीर्थरूप आत्या,

तुझ्या दोन्ही गुडघ्यांना, त्यातही उजव्याला, भाचीचा साष्टांग नमस्कार. (चरणांपर्यंत पोचायच्या आधी वाटेत तेच लागतात, आणि सध्या घराण्यात त्यांचाच मान मोठा आहे.) पाच तारखेला ऑपरेशन ठरल्याचं तुझं कार्ड मिळालं. कार्डावर स्वतःच्या प्रकृतीविषयी तू दीड ओळ लिहिली आहेस आणि उरलेल्या साडेनऊ ओळींत डॉक्टरांच्या टेबलावर किती धूळ होती त्याचं वर्णन आहे, त्यावरून तू ठणठणीत आहेस असं मी धरून चालते. पस्तीस वर्षं मेट्रन म्हणून वॉर्ड हाकलेल्या बाईला भूल देण्याचं काम ज्यांच्याकडे आलं आहे त्यांना माझ्या शुभेच्छा कळव.

ऑपरेशननंतर तीन आठवडे तू धाकट्या काकांकडे राहणार, हे उत्तम झालं. खालच्या मजल्यावर बाबांचं कसं होईल याची चिंता अजिबात करू नकोस. आईला जाऊन दोन वर्षं होत आली, पण त्या माणसात काही म्हणजे काही फरक पडलेला नाही. दर रविवारी पाच वाजता त्यांचा फोन येतो, सात मिनिटं चालतो, आणि त्यात जेवलो, झोपलो, कपडे वाळले, ही तीन वाक्यं त्याच क्रमाने येतात. मागच्या खेपेला मी आले होते तेव्हा घर आईच्या काळापेक्षा टापटीप होतं. औषधांच्या डबीवर ‘सकाळ’ आणि ‘रात्र’ अशा चिठ्ठ्या डकवल्या होत्या. (अक्षर हुबेहूब तुझं. उतारवयात भावाबहिणींची अक्षरं एकसारखी होत जातात की काय, याचा कोणीतरी अभ्यास करायला हवा.) शर्टाचं तुटलेलं बटणही स्वतः लावलं होतं, चारही भोकांतून फुली मारून आणि मागे दोन गाठी देऊन, थेट तू लावतेस तसं. आनुवंशिकता म्हणतात ती हीच, आणि मी त्याच विषयात असल्यामुळे मला हे पटकन ध्यानात येतं. सकाळी साडेसहाला फिरायला बाहेर पडतात ते सात दहाला परत. कुंड्यांना पाणी घालायला म्हणून तू त्यांच्या घराची किल्ली ठेवली आहेस, ती खुशाल सोबत घेऊन जा. कुंड्यांतली झाडं गेल्या उन्हाळ्यातच वाळून गेली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, तरी तू रोज सकाळी खाली जातेस, याला शिस्त म्हणतात.

चार महिने माझं पत्र नाही म्हणून तू रागावली असशील. (रागावली आहेसच. या वेळी ‘अनेक आशीर्वाद’मधलं ‘अनेक’ गाळलं आहेस.) त्याला कारण उंदीर. गेल्या पाच वर्षांत मी नक्की काय करते हे तू मला सहा वेळा विचारलंस आणि सहाही वेळा ‘उंदरांवर काम’ असं सांगून मी सुटले. आज नीट सांगते, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही. आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीच्या दारावर बाहेरून निरोप येतात. थंडी वाजते आहे, अन्न आलं आहे, वाढ, थांब. निरोप दारातच राहतो, आत शिरत नाही, म्हणून तो आत पोचवायला पेशीने माणसं ठेवलेली असतात. एन्झाइम म्हणतात ती यातलीच काही. आमचं जे एन्झाइम आहे ते पुढच्या प्रथिनावर एक बारीकसा शिक्का मारतं, त्याने ते प्रथिन जागं होतं, ते त्याच्या पुढच्यावर शिक्का मारतं, आणि अशी फाइल सरकत सरकत आतल्या खोलीत जाते. त्याचं खरं नाव अकरा अक्षरं आणि दोन आकडे इतकं लांब आहे, म्हणून प्रयोगशाळेत सगळे त्याला ‘शिपाई’ म्हणतात. हा शिपाई मेंदूत भरपूर सापडतो, पण तिथे तो दिवसभर करतो काय, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. आता ऑफिसातला एखादा माणूस नेमकं काय काम करतो हे कळत नसेल, तर उपाय एकच. त्याला काढून टाकायचं आणि कुठे काय अडतं ते बघत बसायचं.

उंदराच्या बाबतीत मात्र हातात नोटीस देऊन भागत नाही. आधी बशीत वाढवलेल्या उंदराच्या कोवळ्या पेशी घ्यायच्या आणि त्यांच्यातलं शिपायाचं जनुक, नेमकं तेवढंच, शोधून मोडायचं. हजारो पेशींत एखादी ऐकते. ती निवडून दुसऱ्याच उंदराच्या गर्भात सोडायची. त्यातून जो जन्मतो तो ठिगळं लावल्यासारखा असतो, अर्धा तपकिरी, अर्धा काळा, आणि स्वभावाने तापट. त्याची पिल्लं, मग त्या पिल्लांची पिल्लं, असं करत चारात एक असा उंदीर निपजतो की ज्याच्या अंगात कुठेच शिपाई नाही. यात माझी अडीच वर्षं गेली. तेवढ्या काळात माझ्या मैत्रिणीची मुलगी जन्मून, रांगून, मला ‘उंदीरमावशी’ म्हणायला लागली होती, आणि मी अजून शेपटीचा तुकडा तपासून हा आहे की नाही, एवढंच ठरवत होते.

शेवटी ते बिनशिपायाचे उंदीर आले. आम्ही सगळे पिंजऱ्याभोवती उभे राहिलो. आमच्या प्रमुख, ज्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणतो, त्याही आल्या. (मोठ्या बाई ‘हूं’ एवढंच बोलतात. त्याचे चार प्रकार आहेत आणि ते ओळखायला पहिली दोन वर्षं जातात.) उंदीर काहीतरी झटके देतील, गोल गोल फिरतील, निदान एखादा तरी वाकडा चालेल, अशी आमची अपेक्षा होती. उंदरांनी दाणे खाल्ले, पाणी प्यायले आणि एकमेकांच्या अंगावर झोपी गेले. दुसऱ्या दिवशीही तेच. पुढची अडीच वर्षंही तेच, आत्या. त्यांना काहीच झालं नाही.

दोष शोधायला मी काय काय केलं, हे सांगताना आता मलाच लाज वाटते. त्यांना चाकावर पळवलं, ते पळाले. चाक कुरकुरतं म्हणून मी त्याला तेल घातलं, तर ते आणखी पळाले. पाण्यात सोडून बुडालेली पायरी शोधायला लावली. सगळ्यांना सापडली, एकाला तर माझं मनगट जास्त सोयीचं वाटलं आणि तो बाहीतून खांद्यापर्यंत आला. पंज्यांची ताकद मोजायच्या दिवशी एकाने तार सोडून माझा हातमोजा धरला आणि काही केल्या सोडेना, त्यामुळे त्या नोंदीपुढे ‘अतिशय चांगली’ असं लिहून ती वगळावी लागली. मध्येच एकदा एक उंदीर निसटून फ्रीजखाली गेला. मी दोन तास जमिनीवर पालथी पडून त्याची मनधरणी करत असताना आग-सुरक्षेचे तपासनीस फॉर्म घेऊन आले, खोलीत माणसं किती या रकान्यात ‘एक’ असं लिहिलं आणि मला ओलांडून गेले. तो उंदीर नंतर आपण होऊन बाहेर येऊन माझ्या बुटाशी बसला. निसटण्यात तरी काही वेगळेपण निघेल म्हणून मी घाईघाईने मोठ्या बाईंकडे जाऊन कोण कुठला याची यादी उघडायला लावली, तर तो चांगला शिपाईवाला होता.

तीन महिन्यांपूर्वी परीक्षकांसमोर बसावं लागलं. टाय घातलेल्या परीक्षकांनी अतिशय सौजन्याने विचारलं, की हा शिपाई काहीच काम करत नसेल, अशी एक शक्यता तुम्ही लक्षात घेतली आहे का? मोठ्या बाई ‘हूं’ म्हणाल्या. तो चौथा प्रकार होता. चौथ्या प्रकाराचा अर्थ असा निघाला, की तीन महिन्यांत फरक दाखवा, नाहीतर हे चोवीस पिंजरे वरच्या मजल्यावरच्या गटाला द्यायचे. पिंजरे देणं म्हणजे रिकामे करून देणं, हे तुला सांगायला नको. उंदरांसाठी वेगळी बदली नसते. आणि माझी पाच वर्षं म्हणजे ‘काहीही आढळले नाही’ ही तीन शब्दांची ओळ. तेव्हाच्या रविवारी मी बाबांना हे सगळं सात मिनिटांत बसवून सांगितलं. ते म्हणाले, “मग काढलंच कशाला त्याला? होता तिथे असू द्यायचा.” शास्त्र घरच्यांना समजावणं किती अवघड असतं ते तुला ठाऊक आहेच, म्हणून मी विषय बदलला.

आता उंदीरखान्याविषयी. (कागदोपत्री त्याला ‘प्राणिगृह’ म्हणतात.) तळमजल्यावर, खिडकी नसलेली लांबट खोली, भिंतीला लावून पोलादी मांडण्या, मांडण्यांवर पारदर्शक पिंजरे, आणि बाराही महिने एकच तापमान, बावीस. माणसाला ते बरं वाटतं, उंदराला गार. म्हणून प्रत्येक पिंजऱ्यात दर आठवड्याला दाबलेल्या कापसाचा एक चौकोनी तुकडा टाकतात. उंदीर तो दातांनी पिंजून वाटीसारखं घरटं करतो आणि त्यात ऊब धरून बसतो. पिंजऱ्यावर फक्त आकडा असतो. आत कोण आहे, शिपाईवाला की बिनशिपायाचा, हे त्यावर लिहायचं नाही, यादी मोठ्या बाईंच्या कपाटात कुलपात. कारण अमका बिचारा आहे हे एकदा कळलं, की माणसाची बघायची नजर बदलते, आणि मग मोजमाप बिघडतं.

या खोलीचे मालक म्हणजे पिंजरेकाका. नोकरीत एकतीस वर्षं, आणि त्यांच्या तावडीतून आजवर कोणी सुटलेलं नाही. बुटांवर पिशव्या घातल्या नाहीत म्हणून त्यांनी खुद्द मोठ्या बाईंना दारातून परत पाठवलं आहे. मी एकदा पिंजऱ्याजवळ जोरात हसले तर पुढचा आठवडाभर त्यांनी मला माझा वजनकाटा दिला नाही. उंदरांनाही ते ‘चला, सरका, गर्दी नको’ याच सुरात बोलतात. त्यामुळे हा माणूस रीतसर कडक आहे, त्यात माया वगैरे भानगड नाही, असा माझा पक्का समज होता. (तुझ्या वॉर्डातल्या नर्सेसचा तुझ्याविषयी हाच समज होता म्हणे.)

तर या महिन्याच्या सुरुवातीला पिंजरेकाका मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी बारा दिवसांच्या रजेवर गेले. एकतीस वर्षांतली पहिली मोठी रजा. त्यांच्या जागी दुसऱ्या इमारतीतला एक बदली माणूस आला. निवृत्तीला आलेला, अबोल, आणि नियमाला एकदम पक्का. दाणे, पाणी, भुसा, कापूस, तक्त्यात चार खुणा, नमस्कार, आणि बरोबर पाच वाजता घरी. चौथ्या दिवशी मी वजनं घेतली तर काही पिंजऱ्यांतले उंदीर उतरले होते. सहाव्या दिवशी आणखी उतरले. दाणे उलट जास्त संपत होते. साथ आली, असं मला वाटलं. बदली माणसाला मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, त्याची माफी नंतर मागितली आहे. आठव्या दिवशी मोठ्या बाईंच्या कपाटातून यादी काढली आणि वजन उतरलेल्या पिंजऱ्यांचे आकडे तिच्याशी ताडून पाहिले. अकरा पिंजरे होते. अकराच्या अकरा बिनशिपायाचे.

आत्या, खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. पाच वर्षांनी, मुदत संपायला बारा दिवस राहिले असताना, माझ्या उंदरांना काहीतरी झालं होतं. मी स्टुलावर बसले आणि एकटीच हसत सुटले. (जोरात. पिंजरेकाका नव्हते.) मग उठून एकेक पिंजरा हातात घेऊन पाहिला. शिपाईवाल्यांकडे पांढरीशुभ्र वाटीसारखी घरटी होती, आत गरम गोळा होऊन सगळे झोपलेले. बिनशिपायाच्यांकडे कापसाचा चौकोनी तुकडा टाकला तसा कोपऱ्यात पडला होता, कोरा, एक दात लागलेला नाही. उंदीर त्याच्यावर बसले होते. त्यात नाही, त्याच्यावर, अंग फुगवून, पाय पोटाखाली घेऊन. थंडी वाजते हा निरोप दारापर्यंत आला होता आणि कापूसही समोर होता. आता काय करायचं, एवढंच आत कोणी सांगत नव्हतं. सतरा नंबरच्या पिंजऱ्यात एक आई होती, सहा पिल्लांची. पिल्लं चार कोपऱ्यांत विखुरलेली आणि ती मधोमध उभी. तिला बघून माझं हसू गेलं आणि फार वाईट वाटलं.

शास्त्राप्रमाणे तिथे हात घालायचा नसतो. फरक सापडला की तो मोजायचा, निदान दहा दिवस, हात न लावता. हे मी स्वतः दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना शिकवते. मी सतरा नंबर उचलला, आईला रिकाम्या पिंजऱ्यात ठेवलं, कापूस पिंजला, बोटाने वाटी केली, सहाही पिल्लं तिच्यात ठेवली आणि आईला परत सोडलं. वहीत लिहिलं, ‘पिंजरा क्रमांक सतरा तांत्रिक कारणाने वगळला.’ माझी वाटी तशी बेढबच झाली होती, पण ती तिच्यात जाऊन बसली.

पिंजरेकाका तेराव्या दिवशी काळा चष्मा लावून हजर झाले. मला नमस्कार न करता थेट मांडण्यांकडे गेले, चष्मा वर करून सगळे पिंजरे पाहिले, आणि त्या अकरांपाशी उभे राहून म्हणाले, “यांना कोणी बघितलं नाही का?” मी विचारलं, यांनाच म्हणजे कोणाला, तुम्हाला यादी कोणी दाखवली? त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की डोळ्यांचं ऑपरेशन आपलंच व्हायला हवं होतं असं मला वाटलं. “यादी कशाला लागते? या पोरांना घरटं येत नाही. पहिल्या दिवसापासून येत नाही. मी करून देतो.” केव्हा? “सकाळी, तुम्ही लोक यायच्या आधी.” किती दिवस? “अडीच वर्षं.”

शेपटीचा तुकडा कापून, तो उकळून, यंत्रात घालून मी जे दोन दिवसांनी ओळखत होते, ते हे गृहस्थ दारातून ओळखत होते. मी, मला वाटतं, जरा आवाज चढवून विचारलं, की हे मला कधी सांगितलं का नाहीत? त्यांनी भिंतीवरचा तक्ता दाखवला. दाणे, पाणी, भुसा, कापूस. घरटं कोणी केलं, असा रकानाच त्यात नव्हता. (तो तक्ता मीच आखला होता.) मग माझी पडलेली मान बघून त्यांना दया आली असावी, कारण त्यांनी आपण होऊन पद्धत सांगितली. उंदीर आधी दुसऱ्या पिंजऱ्यात हलवायचे. घरटं करायचं, पण अगदी नीटनेटकं नाही, जरा एका बाजूला उसकटलेलं ठेवायचं. भुसा होता तसा सारखा करायचा. मग त्यांना परत सोडायचं आणि लगेच पाठ फिरवायची. “म्हणजे त्यांना वाटतं, आपणच केलं. नाहीतर ते बसत नाहीत त्यात.” उंदरांना असं काही वाटतं याला शास्त्रात कसलाही आधार नाही. मी ते त्यांना सांगितलं नाही.

पुढचं थोडक्यात. मोठ्या बाईंनी वजनांचे आकडे पाहिले, कोऱ्या कापसाचे फोटो पाहिले आणि ‘हूं’ म्हणाल्या. हा पाचवा प्रकार होता, याआधी कोणीच ऐकलेला नव्हता. पिंजरे वाचले. मला सहा महिने वाढवून मिळाले. टायवाल्या परीक्षकांनी अभिनंदनाचं पत्र पाठवलं, त्यात ‘मला शंका होतीच’ असं वाक्य आहे. शिपाई बिनकामाचा नव्हता. त्याचं काम कोणीतरी गुपचूप अंगावर घेतलं होतं, म्हणून तो नसल्याचं कोणाला जाणवलं नाही, एवढंच. लेखात पिंजरेकाकांचं नाव माझ्या नावाशेजारी येणार आहे आणि पद्धतीचा भाग त्यांनी स्वतः दोन पानांत लिहून दिला आहे. त्यांनी एकच अट घातली. मोजमाप आणखी दहा दिवसच चालेल, अकराव्या दिवशी सकाळी ते घरटी करायला सुरुवात करणार, मग मोठ्या बाई काहीही म्हणोत. आज तो अकरावा दिवस होता. मी मुद्दाम लवकर गेले आणि दाराच्या काचेतून पाहिलं. ते पाठमोरे होते आणि ‘चला, सरका, गर्दी नको’ चाललं होतं.

असो. गुडघ्याला जप. डॉक्टरांनी सांगितलेलं त्यांना वाईट वाटू नये म्हणून तरी ऐक. धाकट्या काकांना माझा नमस्कार, आणि तिथलं स्वयंपाकघर आवरायला घेऊ नकोस.

तुझी,
हात तीनदा धुऊनच कागदाला हात लावलेली भाची

ता. क. हे पाकिटात घालायच्या आधी पुन्हा वाचलं. पहिल्या पानावर बाबांविषयी जे लिहिलं आहे तिथे मी बराच वेळ अडकले. चिठ्ठ्यांवरचं अक्षर. फुलीचं बटण. वाळलेल्या कुंड्यांना रोज घातलेलं पाणी, तेही बरोबर ते फिरायला गेले असताना. आनुवंशिकतेविषयीचं वाक्य कृपा करून खोडून टाक, मला खोडवत नाही. माझ्या तक्त्यात जेवलो, झोपलो, कपडे वाळले, एवढेच रकाने होते, आत्या.

ता. क. २. म्हणून हे पत्र खरं म्हणजे यासाठी आहे. पाच तारखेपासून मी तीन आठवड्यांची रजा टाकली आहे. रजेच्या कारणापुढे ‘प्रयोगाचा उरलेला भाग’ असं लिहिलं आणि मोठ्या बाई पहिल्या प्रकारचं ‘हूं’ म्हणाल्या. तू जायच्या आधी मला पद्धत लिहून पाठव, पिंजरेकाकांनी दिली तशी, काही न गाळता. साडेसहा ते सात दहा काय काय करायचं, कुठल्या क्रमाने. कपडे घडी करून कुठपर्यंत ठेवायचे आणि किती उसकटलेले सोडायचे. काय करायचं नाही तेही लिही. आई गेल्यावर त्यांना काय येईनासं झालं, हे मला ठाऊक नाही आणि ते त्यांना विचारायची माझी हिंमत नाही. मी का आले, हे त्यांना कळता कामा नये. उंदरांना सुट्टी आहे असं सांगेन. आणि किल्ली सोबत नेऊ नकोस, दारामागच्या खिळ्याला ठेव.

ता. क. ३. रविवार, साडेपाच. पाकीट बंद केलं होतं, ते वाफेवर उघडलं. आत्ताच बाबांचा फोन येऊन गेला, तो एकवीस मिनिटं चालला. जेवलो, झोपलो, कपडे वाळले झाल्यावर मी सहज विचारल्यासारखं विचारलं, की आत्या तीन आठवडे नाही तर तुम्ही सकाळचं फिरणं वगैरे नीट चालू ठेवाल ना. ते म्हणाले, “फिरायला कोण जातंय? मी कोपऱ्यावरच्या बाकावर बसतो. तुझी आत्या खाली येते ना रोज, तिचं आटपेपर्यंत घरात जाता येत नाही. पाऊस असला की छत्री धरून बसतो. तुझी आई गेल्यापासून ती फार एकटी पडली, तिला तेवढंच बरं वाटतं. मी आपला कळत नाही असं दाखवतो.” मग म्हणाले, की बटण मला लावता येतं, पण तोडून ठेवतो अधूनमधून. हे तुला सांगायचं नाही असं त्यांनी मला दोनदा बजावलं आहे आणि मी शब्द दिला आहे. तेव्हा हा तिसरा ताजा कलम तू वाचलेला नाहीस. पद्धत मात्र पाठव, आणि जिना उतरता यायला लागला की साडेसहाला पहिल्यासारखी खाली जा.